शेवटी येणाऱ्याचा हक्क

लॅपलँडच्या अफाट रानात वाटसरूंसाठी बांधलेल्या खोपटांना कुलूप नसतं. रीत एवढीच, की शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. जागा कमी पडली, तर आधी आलेल्यानं निघायचं.

हिल्का तिथे निवांत स्की करायला आली होती आणि अशाच एका छोट्या खोपटात उतरली होती. संध्याकाळी हिमवादळ सुटलं आणि दार ढकलून आत आला तो रेयो, तिचा धाकटा भाऊ. तिला न विचारता त्यानं आईचं घर विकलं, तेव्हापासून त्याच्याबरोबर एका छपराखाली राहायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"दोघं मावू की, ताई."

"नाही मावत. रीत म्हणजे रीत. मी निघते." ती पाठपिशवी भरायला लागली. खिडकीबाहेर हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं.

रेयोनं चुलीशेजारच्या रिकाम्या लाकूडपेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "जा. पण निघणाऱ्यानं लाकडं भरून ठेवायची, हीसुद्धा रीतच आहे."

पुटपुटत हिल्का बाहेर गेली आणि भिंतीलगतची लाकडं कवेत घेऊन आत आली. रेयो बूट हातात घेऊन बसला होता.

 

"आता शेवटी तू आलीस. सांग, मी निघू, की कॉफी टाकू?"