स्वच्छ आवाजाचा हेडफोन

"ह्यात नुसता डीजे वाजतोय." शंभुलिंगांनी काळा हेडफोन काढून काउंटरवर ठेवला. "माणसाचा आवाज दबतोय."

नंदीशला हसू आलं. "बरोबर ओळखलं, काका. हा वरातीचा माल हाय. कॉलेजची पोरं हाच नेतात, माझा धाकटा भाऊबी हाच घालतो."

कळंबमधलं त्याचं मोबाईलचं दुकान दुपारी रिकामंच असायचं. बिनतारी, भारीतला हेडफोन मागणारं गिऱ्हाईक क्वचित यायचं. धोतर-टोपीतलं, बेंबळीहून एसटीनं आलेलं तर हे पहिलंच. त्यानं स्वतःचं स्टूल काउंटरबाहेर आणून म्हाताऱ्याला बसायला दिलं होतं.

त्यानं पांढरा काढला. कानाच्या गाद्या फडक्यानं पुसल्या, आपल्या मोबाईलवरचं गाणं लावून आधी स्वतः ऐकलं. ही त्याची पद्धत होती. आपल्या कानाला पटल्याशिवाय तो दुसऱ्याच्या हातात वस्तू देत नसे.

"हा घातला की रस्ता बंद. दारातनं ट्रक गेला तरी कळायचा न्हाय."

शंभुलिंगांनी तो आपल्या मोबाईलला जोडून घेतला आणि डोळे मिटून ऐकलं. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्यांना पत्ता लागला नाही. तरी त्यांनी हेडफोन काढलाच.

"रस्ता गेला, मालक. पण माझ्या फोनातली खरखर हाय तशीच हाय."

"ती कशी जाईल? हा बाहेरचा गोंगाट मारतो. रेकॉर्डिंगमधला न्हाय मारत. काय, भजन हाय का कुणाचं?"

"भजन न्हाय. लेकीचा फोन हाय."

नंदीशनं गाणं बंद केलं.

शंभुलिंगांनी सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांची लेक आरोही कळंबच्या शाळेत शिकवायची. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी येरमाळ्याच्या रस्त्यावर स्कूटी कडेला लावून तिनं वडिलांना फोन केला. त्यांच्या मोबाईलवर येणारा प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड व्हायचा. डॉक्टरांनी सांगितलेलं ते विसरायचे, म्हणून तिनंच तशी सोय करून दिली होती. बोलता बोलता धडक बसली. फोन चालूच राहिला. गाडी थांबली, दार वाजलं. कुणी पुरुष जवळ येऊन काही बोलला, आणि गाडी निघून गेली. कोणती गाडी, कुणाची, अजून कुणाला सापडलं नव्हतं.

"आवाज पाठ झालाय मला," शंभुलिंग म्हणाले. "बाजारात कुणी तसं बोललं की वळून बघतो. पण बोल कळत न्हाईत. तो तिच्यापाशी आला तवा ती जिती होती का, एवढं तरी कळंल."

नंदीशनं कपाटाच्या वरच्या खणातला करडा हेडफोन काढला. दुकानातला सगळ्यात महाग तोच होता. नेहमीप्रमाणे आधी स्वतःच्या मोबाईलवर तपासला, मग म्हाताऱ्याच्या मोबाईललाही जोडून दिला.

"ह्याला एका वेळी दोन फोन जोडलेले ऱ्हातात," तो सवयीनं बोलून गेला आणि ओशाळला. "ह्यात माणसाचा आवाज पुढं येतो, काका. ढोल मागं ऱ्हातात. ऐका."

"आधी तुमी ऐका. तरणे कान हाईत तुमचे."

नंदीशनं ऐकलं. हातानंच खूण करून पुन्हा लावायला सांगितलं. पंखा कुरकुरत होता. रस्त्यावर केळीवाला ओरडत होता. नंदीशनं हेडफोन उतरवला आणि गाद्या पुसायला घेतल्या. बराच वेळ पुसल्या.

"काय म्हणतो?"

"काय न्हाय, काका. वारा हाय."

"माणूस बोलतोय की त्यात."

"आवाज हाय, पण बोल फुटत न्हाईत. मुळातच न्हाईत, तर हेडफोन कुठनं आणंल?" त्यानं खोकं मागं सारलं. "हा तुमाला इकला तर पाप लागंल मला. घेऊ नका."

असं म्हणणारा दुकानदार शंभुलिंगांनी पाहिला नव्हता. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले.

"असं करा," नंदीश हळू आवाजात म्हणाला, "फोन माझ्याकडं ठिवून जावा. कॉम्प्युटरवर साफ करून बघतो. फुकट."

"फोन न्हाय देत, मालक. लेक हाय त्यात."

"मग निदान सारखं ऐकू तरी नका. जीव जातो माणसाचा."

"जातो की. पण ऐकल्याबिगर जेवण उतरत न्हाय. कुठं जाऊ म्या? सगळे हेच म्हणतात, बोल कळत न्हाईत, बोल कळत न्हाईत." त्यांनी करड्या हेडफोनवर हात ठेवला. "ह्याच्याहून चांगलं काय येत न्हाय का?"

नंदीशनं त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा खरंच उत्तराची वाट बघत होता.

"सोलापूरच्या डीलरला इचारतो. बसा."

तो मोबाईल घेऊन मागच्या खोलीत गेला. शंभुलिंगांनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

मागच्या खोलीत खोक्यांची रास होती. नंदीशनं दार लोटून फोन लावला. रिंग ऐकू येईना. पडद्यावर सेकंद सरकू लागले, म्हणजे पलीकडं कुणीतरी फोन उचलला होता. तो दोनदा "हॅलो" म्हणाला. आवाज नाहीच. त्यानं मोबाईल झटकला, दुसऱ्या कानाला लावला.

दार उघडलं. शंभुलिंग उंबऱ्यात उभे होते. करडा हेडफोन त्यांच्या कानांवरच होता. आवाज अगदी शांत होता.

"रेकॉर्डिंग मधीच थांबलं, तरी कानात तोच आवाज हाय, मालक. ह्या खेपेला बोलबी कळले. 'दादा, काय झालं, बोल की,' म्हणतोय."