वज्राचा डावा खांदा

"सतरा वर्षांची पोरगी अशी उभी ऱ्हाती व्हय?" शंकरप्पांनी विचारलं.

बनियन-लुंगीत, एक पाय पुढं, एक मागं, आणि जळमटं काढायचा लांब झाडू दोन्ही हातांनी तलवारीसारखा उगारून ते गडमुडशिंगीतल्या आपल्या घराच्या मधल्या खोलीत उभे होते.

"लढायला निघालीया ती, आप्पा," त्यांचा मुलगा मल्लेश टॅबवर रेघा मारत म्हणाला. "मान वर करा. राक्षस उंच हाय."

शंकरप्पांनी मान वर केली. राक्षसाच्या जागी पंखा होता.

वज्रा ही मल्लेशनं स्वतःच्या डोक्यातून काढलेली. जपानी ॲनिमेतल्या पोरींसारखे बशीएवढे डोळे, कमरेपर्यंत चांदीचे केस, राक्षस मारणं हा व्यवसाय. अडचण एकच, मल्लेशला हात काढायला जमत नव्हते. त्यामुळं आजवरच्या प्रत्येक चित्रात ती हात पाठीमागं बांधून, शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी राक्षसांना सामोरी जायची. पुण्याच्या एका स्टुडिओला शिकाऊ चित्रकार हवे होते. तिथल्या मॅडमनी नेमकं तेवढ्यावरच बोट ठेवलं: शरीररचना कच्ची आहे, उजेड कुठून येतो ते कळत नाही, सुधारून आज संध्याकाळपर्यंत पाठवा. जमलं तर पुणे. नाही जमलं तर सोमवारपासून कागलची एमआयडीसी, कारण तिथं बहिणीच्या नवऱ्यानं, वीरेशदाजींनी, शब्द टाकून ठेवला होता.

आधी तालमीतल्या मित्राला, ऋतुराजला, उभं करून बघितलं होतं. त्यानं एवढी छाती फुगवली की चित्रात वज्राची मानच गायब झाली. वर तो म्हणाला, "चित्र पोरीचं असूदे, पण मी वळखू आलो पायजे."

राहता राहिले आप्पा.

"तिचं केस पांढरं कशानं झालं?"

"चांदीचं हायत. स्टाईल हाय ती."

"माझं झालं तवा कुणी स्टाईल म्हटलं न्हाय."

उजेड एकाच बाजूनं हवा म्हणून खिडकीला चादर लावलेली आणि डब्यांच्या फळीवर मोबाईलची बॅटरी लावून ठेवलेली. साखरेचा डबा घ्यायला आलेली मल्लेशची आई शांतव्वा दारातच थांबली.

"भर दुपारी अंधार करून बापाला उभं केलंय," ती मल्लेशला म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "झाडू धरलायसाच, तर तेवढा कोपरा तरी झाडा."

"हलता येत न्हाय," शंकरप्पा ओठ न हलवता म्हणाले. "राक्षस हाय."

मल्लेशनं मानेची रेघ ओढली, पाठीचा कणा ओढला आणि खांद्यांशी येऊन अडकला. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगलाच खाली होता. आधी त्याला वाटलं, आपलीच मान वाकडी झालीय. त्यानं मान सरळ केली. खांदा तसाच.

"आप्पा, डावा खांदा वर घ्या."

"वरच हाय की."

"आजून."

"एवढाच येतो. मार्केट यार्डातलं गुळाचं रवं, ह्या एवढ्या ढेपा, ह्याच खांद्यावरनं गेल्या. गूळ गेला मुंबईला, खांदा हितं ऱ्हायला."

मल्लेशनं खांद्याची रेघ पुसली. मग त्यानं जे दिसतंय तेच काढायचं ठरवलं. उतरलेला खांदा काढला. गळ्याच्या हाडामागचा खळगा काढला, त्यात अंधार भरला. काखेतली सावली बरगडीवरून खाली आणली. वज्राला हात आले. हातांना पाच-पाच बोटं आली, तीही योग्य क्रमानं. झाडूच्या जागी तलवार आली. पहिल्यांदाच ती कागदावर चिकटवल्यासारखी न दिसता जमिनीवर पाय रोवून उभी असल्यासारखी दिसली. असं चित्र आपल्या हातून याआधी कधी उतरलं नव्हतं, हे मल्लेशला सांगायला कोणी लागलं नाही.

शंकरप्पांनी पाठ चोळत चित्र बघितलं.

"ही जिंकंल असं वाटत न्हाय," ते म्हणाले. "पर पळणार न्हाय."

मल्लेशनं चित्र पाठवलं. चहा व्हायच्या आत उत्तर आलं. त्यानं मोठ्यानं वाचलं.

"सावल्या उत्तम. हातही सुधारले आहेत. पण दोन्ही हात वर असताना डावा खांदा इतका उतरलेला माणसात दिसत नाही. मूळ शरीररचनाच चुकते आहे."

"माणसात?" शांतव्वानं आतून विचारलं.

खाली आणखी एक ओळ होती: या वेळी आपली निवड होऊ शकत नाही, कृपया आता चित्र पाठवू नये. ती मल्लेशनं वाचून दाखवली नाही. टॅब मांडीवर पालथा ठेवला.

"म्हंजे बाकी समदं पास," शंकरप्पा म्हणाले. "येवढ्या खांद्यावर अडलंय."

"व्हय."

"मग त्यात काय रडतोस, लेका!"

ते उठले, झाडू घेऊन जागेवर उभे राहिले. पाय पुढं, पाय मागं. डावा खांदा वर ओढायला लागले. कपाळाची शीर फुगली, खांदा काही हलला नाही.

"आगं, ये हिकडं. जरा दाब खालनं."

शांतव्वा हात पुसत आली. तिनं दोन्ही तळवे त्यांच्या काखेत घातले आणि अडकलेलं शटर उघडावं तसा जोर लावला. डावा खांदा वर आला. तेवढ्यात उजवा खाली गेला. तिनं एक हात काढून उजव्याखाली दिला.

"आता झालं का सरळ?" तिनं दात आवळून विचारलं.

"झालं, अव्वा," मल्लेश म्हणाला, आणि त्यानं कोरं पान उघडलं.

"काढ लवकर," शंकरप्पा धापा टाकत म्हणाले. "त्या मॅडम वाट बघत बसल्या असतील."