दुपारची दवंडी

"बरोबर बाराले द्यायची. ना आधी, ना मागून," अण्णाजी म्हणाले. श्रावणजींनी मान डोलावली.

अण्णाजी नगराध्यक्ष. श्रावणजी दवंडी देणारे शिपाई, पन्नाशी उलटलेले, मुखदुर्बळ. आवक-जावकच्या टेबलामागे बसून रूपराव दोघांकडे पाहत होता.

पालिकेनं ठराव केला होता. बाजाराच्या मैदानावर व्यापारी गाळे बांधायचे आणि रविवारचा बाजार नाल्यापलीकडच्या खडकाळ जागेत न्यायचा. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी. नाही आली तर कागद मंजुरीला वर्ध्याला. नोटीस लागली ती कचेरीच्या जिन्याखाली, जिथं दिवसाही अंधार. शिवाय दर सोमवारी दवंडी. पहिली पाच नोव्हेंबरला.

दिवस कापसाच्या वेचणीचे होते. मैदानात भाजी विकणाऱ्या दोनशे बाया रविवार सोडून रोज वेचणीला जात. भल्या सकाळी गेल्या की दिवेलागणीला परत. दुपारी बाराला गावात दवंडी ऐकणार कोण? ओट्यावर निजलेली कुत्री.

"कायदा म्हणते दवंडी द्या," अण्णाजी हसून म्हणाले. "लोकायनं आयकलीच पाह्यजे, असं कुठं म्हणते?"

रूपराव हसला नाही. त्यानं आवकची वही पुढे ओढली. त्याच्या आईनं त्याच मैदानात वांगी-मिरच्या विकून त्याला मॅट्रिकपर्यंत शिकवलं होतं. पण नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि ती अण्णाजींच्या सहीवर होती.

त्या सोमवारी बाराच्या ठोक्याला डफडं वाजलं. कचेरीसमोर वाजलं, पुढच्या गल्लीत वाजलं, आणि मग विरून गेलं. श्रावणजी उगवले ते चार वाजता. पायावर धूळ, धोतराला कुसळं, डफड्याच्या दोरीत कापसाचे पुंजके. कुठं झोपून राह्यले होते जी, असं रूपरावनं खवचटपणे विचारलं.

"सावली बरी हाये तिकडं, बाबूजी," ते म्हणाले.

मग दवंडीच्या वहीत त्यांनी सही केली. गेल्याच वर्षी प्रौढांच्या वर्गात ते अक्षरं शिकले होते. जिभेचं टोक दातांत धरून एकेक अक्षर काढत. मोठं, गोल, मोजून ठेवल्यासारखं. रूपराव ताटकळला. वही बंद करताना त्यांनी दबकत पाठकोरे कागद मागितले. गिरवायला लागतात म्हणाले. रद्दीत पडलेल्या जुन्या परिपत्रकांचा एक गठ्ठा रूपरावनं त्यांच्यापुढे टाकला.

"न्या. दवंडीपेक्षा तेवढंच कामाचं."

प्रत्येक सोमवारी हेच झालं. दोन गल्ल्या डफडं, मग शुकशुकाट, चार वाजता धुळीचे पाय, आणि जाताना कागद. रूपरावला त्या माणसाची चीड येऊ लागली. गावाचं तोंड याच्याकडे दिलेलं, आणि हा सावली शोधतो. गठ्ठा मात्र तो देत राहिला.

एकोणतिसाव्या दिवशी, तीन डिसेंबरला, अण्णाजींनी त्याच्याकडून वर्ध्याचं पत्र आधीच टाइप करून घेतलं. 'मुदतीत एकही हरकत आलेली नाही.' ते वाक्य टाइप करताना रूपरावची बोटं तीनदा चुकली. तिसऱ्या वेळी त्याचं ठरलं. नोकरी गेली तर जाऊ दे.

संध्याकाळी त्यानं सायकल काढली आणि आनंदाबाईचं घर गाठलं. मैदानातल्या बाया तिच्या शब्दाबाहेर नसत. ती नुकतीच वेचणीवरून आली होती, हातपाय धूत होती. त्यानं ठराव सांगितला, तीस दिवस सांगितले, उद्याची पाचची वेळ सांगितली. तिनं मध्ये एकही प्रश्न केला नाही. चहा पुढे ठेवला.

"हे तुमी आनखी कोनाले बोलले, बापू?"

"नाई."

"बोलू नका."

आपल्या नोकरीची तिला काळजी, या विचारानं त्याला भरून आलं. अर्ज मी लिहून देतो, आत्ताच बसतो, असं तो म्हणाला. तिनं मान हलवली.

"तुमी आले, थेच लय झालं. तुमच्या मायचं नाव राखलं तुमी."

दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत कोणी फिरकलं नाही. साडेचारला अण्णाजींनी पत्र सहीला मागवलं. रूपराव शिक्का शोधतोय असं करत वेळ काढत राहिला. पावणेपाचला आवारात चपलांचा आवाज वाढला. बायाच बाया. पुढं आनंदाबाई, डोक्यावर भाजीचं असावं तसं गाठोडं. तिनं ते टेबलावर सोडलं. दोनशे सतरा अर्ज.

"पोच द्या, बापू."

अण्णाजी दारात येऊन उभे राहिले. गाठोड्याकडे पाहिलं, मग श्रावणजींकडे.

"दवंडी बाराले दिली होती ना?"

"बरोबर बाराले, साहेब. पाचही सोमवार."

अण्णाजींनी टेबलावरचं वर्ध्याचं पत्र उचलून फाडलं आणि आत गेले. रूपरावच्या छातीत काहीतरी फुगून आलं. एका माणसाच्या एका संध्याकाळच्या हिमतीनं एवढं गाव उभं राहिलं होतं. महिनाभर दवंडीनं झालं नाही, ते त्यानं एका कप चहात केलं होतं. कोपऱ्यात डफडं घेऊन उभ्या असलेल्या श्रावणजींची आज त्याला चक्क दया आली.

तो शिक्के मारू लागला. पहिल्या अर्जाला शाई पलीकडे उमटली म्हणून त्यानं कागद उलटला. मागे पालिकेचं जुनं परिपत्रक होतं. त्यानं कागद पुन्हा सुलटा केला. मोठं, गोल, मोजून ठेवल्यासारखं अक्षर:

'दिनांक ५ नोव्हेंबर. आज दुपारी नाल्याकाठच्या वावरात दवंडी झाली. आम्ही वेचणाऱ्या सर्व बायांनी हातचं काम थांबवून ती ऐकली. आमची हरकत आहे.'