तिकडे जाऊन येते

“गिळलीस? आ कर बघू.”

भिंगरीने आ केला, जीभ बाहेर काढली आणि वर वेडावूनही दाखवलं. गोळी पोटात गेली होती. गोळीवाल्या ताईंनी वहीत खूण केली आणि उंबऱ्यावर बसकण मारली. सकाळपासूनचं हे एकतिसावं घर.

वस्तीत जंत कुणाला आहेत नि कुणाला नाहीत, हे तपासायला ना यंत्र होतं ना माणूस. म्हणून नुसत्या संशयावर सरसकट सगळ्यांना गोळी. तपासणी म्हणाल तर एकच प्रश्न, डॉक्टरांनी घोकून घेतलेला: फेफरं येतं का? येत असेल तर गोळी द्यायची नाही. जंत कधीकधी डोक्यात जाऊन बसतो, त्यानेच फेफरं येतं. गोळीने तो तिथेच मरतो, मेंदू सुजतो आणि धडधाकट माणूस हातचा जातो.

ताईंनी विचारलं होतं. फेफरं, आकडी, फिट, झटके, सगळे शब्द वापरून.

“तसलं काही नाही हो आमच्यात,” भिंगरीच्या आजीने नाक मुरडलं होतं.

भिंगरीच्या तोंडाचा पट्टा चालू होता. ताईंच्या पिशवीत काय आहे, गोळी कडू का असते, जंताला डोळे असतात का. आणि मधेच ती थांबली. वाक्य अर्धंच राहिलं. नजर कोपऱ्यात खिळली. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलू लागले, बोटं फ्रॉकची कड चाळवत राहिली. ताईंनी हाक मारली, डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही.

आजीने मुकाट्याने उठून कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे कपडे उचलले. कुणाला तरी बसायला जागा केली.

“आजी, हिला काय होतंय?”

“होतंय काय? तिकडे गेलीय, आजोबांकडे. येईल आत्ता.” आजीच्या आवाजात कौतुक होतं. “दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. तेव्हापासून ही जाऊन येते. निरोपही आणते.”

ताई ताडकन उठल्या. “अहो, यालाच तर फेफरं म्हणतात!” त्यांनी सगळे शब्द विचारले होते, तेवढा ‘तिकडे’ राहिला होता.

“गाडी बोलवा! हिला दवाखान्यात न्यायचंय, आत्ताच्या आत्ता!” ताई भिंगरीला उचलायला धावल्या.

आजीने त्यांचा हात घट्ट धरला. “हलवू नका तिला. वाट चुकेल.”

तेवढ्यात भिंगरीच्या पापण्या फडफडल्या. ती दमली होती, पण चेहरा खुलला होता. ताईंना रडूच कोसळलं.

“काय म्हणाले गं?” आजीने विचारलं.

“म्हणाले, ताईंनी गोळी दिली ते बरं झालं. आता सारखी ये-जा नको, राहायलाच ये.”