वाढवलेला नारळ

"देवापुढे नारळ वाढवायला कोयता उचलला होता," हे बाबल मेस्त्रीचं म्हणणं खालच्या कोर्टातल्या न्याययंत्राने खोटं ठरवलं. कोयत्याने नारळ वाढत नाही, सबब खुनाबद्दल जन्मठेप!

अपिलात खांडेपारकर वकीलबाई पदर खोचूनच उभ्या राहिल्या. "शुभकार्यात आम्ही नारळ 'फोडला' म्हणत नाही, 'वाढवला' म्हणतो. या डब्याला ते कोण सांगणार?"

हायकोर्टाने पडद्यावरून यंत्राला विचारलं.

"चूक माझीच," ते म्हणालं. "बाबलना सोडा. आणखी एका बाईंना मी अशीच जन्मठेप दिली आहे. 'त्याने हात पिरगाळला, बांगड्या वाढल्या,' असं त्या सांगत होत्या. त्यांनी अपील केलेलं नाही. ते मी करतो."

वकीलबाईंनी उभ्या हयातीत असा न्यायाधीश पाहिला नव्हता. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"वकीलपत्र मी घेते, महाराज."