लांब नाकाचा स्पिंडल

तिनं बटण दाबलं. ट्रेडमिलवरचा दिवा लागला, आकडे उमटले, पण पट्टा जागचा हलला नाही.

तिनं पुन्हा दाबलं, मग जरा जोरात दाबलं. शेवटी पदर खोचून ती खाली बसली आणि पुढचं झाकण उचकटलं. आत मोटर नव्हतीच. मोटरच्या जागी एक छोटी डबी होती आणि डबीत मोटरचे स्क्रू पुसून नीट ठेवलेले होते. ते पाहिल्यावर चोर शोधायची गरज उरली नाही. तिच्या नवऱ्याला कारखान्यात सगळे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणायचे, ते काही उगाच नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. छातीच्या दुखण्यातून उठल्यापासून मायक्रॉननं सगळ्यातूनच अंग काढून घेतलं होतं. चष्म्याचा नंबर वाढला, तर म्हणाला, "आता असं किती वाचायचं राहिलंय?" चपलेचा अंगठा तुटला, तर तोच शिवून आणला. नवी जोडी म्हणजे त्याच्या मते निव्वळ नासाडी. पुढच्या महिन्यातलं काही विचारलं की तो छताकडे बघत बसायचा. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. याला बागेत जायला नको, तिथं लोक तब्येत विचारतात. म्हणून तिनं हे धूड घरात आणलं. दुखण्याची तिला तेवढी भीती नव्हती. दुखण्याला औषध होतं. पण याला जगायचंच नसलं तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं, हा विचार तिला पोखरत होता.

आणि हा पठ्ठ्या रोज सकाळी या मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचा. आतून घरघर ऐकू यायची. "तू बघत उभी राहिलीस की माझी पावलं चुकतात," असं सांगून त्यानं तिला आत यायला मनाई केली होती. मग गळ्यात टॉवेल टाकून घामाघूम होऊन बाहेर यायचा आणि ती हरखून चहा टाकायची. इतके दिवस तो तिला खुशाल शेंडी लावत होता आणि ती लावून घेत होती.

दारात चाहूल लागली. मायक्रॉन पेपर घेऊन उभा होता.

"मोटर कुठाय?" तिनं विचारलं.

तो ओशाळला नाही. सरळ कोपऱ्यात गेला आणि टेबलावरची चादर ओढून काढली. चादरीखाली कारखान्यातलं भंगार आहे, अशी तिची आजवर समजूत होती. तिथं साचे कोरायचं एक छोटं मिलिंग मशीन उभं होतं. त्याला जुना कॉम्प्युटर जोडलेला होता आणि वर, मागच्या बाजूला, तिची मोटर बसली होती.

"कापायचं टूल धरून फिरवणारे हे स्पिंडल, बाजारातले, पुढून जाडजूड असतात," तो सांगू लागला. "खोल खड्ड्यात उतरवले की टूल तळाला लागायच्या आधीच यांचं पोट काठाला अडतं. मग साचा दोन तुकड्यांत करा आणि जोडा. जन्मभर ते जोड घासत बसलो. आता हा बघ. नाक लांब आणि बारीक. मोटर मागं, ती पट्ट्यानं फिरवते. लांब नाक थरथरतं, म्हणून एक बेअरिंग पार शेंड्याशी नेऊन बसवलंय."

त्यानं मशीन चालू केलं. तीच घरघर. बारीक नाक लाकडी ठोकळ्याच्या पोटात उतरत गेलं, वळणं घेत भिंती तासत गेलं, आणि काठाला कुठंही शिवलं नाही. मशीन थांबल्यावर त्यानं तिचा हात धरून आत घातला. हात कोपरापर्यंत गेला. आतल्या पन्हळी एकसारख्या गुळगुळीत होत्या आणि जोड कुठंच लागला नाही. तिला ते आवडलं, पण तिनं तसं दाखवलं नाही.

"आणि चालायचं काय?"

"या नाकाच्या नळीसाठी भंगारबाजार पालथा घातलाय मी. पायी. नुसता पेपर आणायला एवढा वेळ लागतो होय?"

म्हणजे तिथंही फसवणूक होतीच. तिचा राग काही खाली बसेना. लग्न झाल्यापासून जेवणाच्या ताटावर याच्या तोंडून मशीनच ऐकत आलेली बाई ती. ती स्पिंडलभोवती फिरून खोट शोधू लागली, आणि तिला ती सापडली.

"सगळं एवढं सडपातळ केलंत, मग मागं हा दांडगा नट कशाला? पाण्याच्या जुन्या नळाला असतात तशा चार दांड्या लावल्यात त्याला. हा मात्र तुमचा फसला."

मायक्रॉनला ते लागलं. त्यानं खिशातलं फडकं काढून नट पुसला.

"फसला नाही. बेअरिंगं बदलायची तर हा खोलावा लागतो. लहान केला असता तर फार जोर लावावा लागला असता."

"मग लावायचा की. आजवर काय कमी लावलात?"

"आत्ता लावीन गं," तो जरा वैतागूनच म्हणाला. "पण ही बेअरिंगं वीस वर्षं तरी जात नाहीत. त्या वेळी माझ्या हातात एवढा जोर राहणार आहे का?"