उलटी पाटी

सरांनी फुंकर मारून फळीवरचा भुसा उडवला आणि चष्मा सारखा करून पुन्हा पाहिलं. अक्षरं उलटी कोरली गेली होती, ओळ उजवीकडून डावीकडे.

"मान ताठ, नजर समोर." नववीतल्या त्या मुलीने बाबांच्या दुकानासाठी हे शब्द निवडले होते. "बाणेदार माणूस दिसतोय," असं सर तिला म्हणालेही होते. ती नुसती हसली होती.

शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात सगळे त्यांना रंधा सर म्हणत. आयुष्य रंध्या-पटाशीत गेलं, आणि उतारवयात हे सीएनसी मशीनचं खूळ डोक्यात शिरलं. संगणकाने सांगायचं आणि मशीनने कोरायचं. मुख्याध्यापक बाईंचं डोकं खाऊन खाऊन त्यांनी ते शाळेत आणवलं. मग एकदा लाकूड कुठे सुरू होतं हे मशीनला सांगायलाच विसरले. पातं फळीतून आरपार खालच्या टेबलात घुसलं. "आणखी एक फळी वाया गेली, की याला कुलूप," बाईंनी बजावलं होतं.

आणि आज हे. सकाळी त्यांनी छपाईचा ठसा कोरला होता. ठशाला अक्षरं उलटी लागतात. संगणकातली अक्षरं उलटवायची खूण काढायची राहिली असणार, दुसरं काय! पहिले पाढे पंचावन्न.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशा बाई नेमक्या त्याच वेळी आत आल्या.

"ही कोणाची करामत?"

सरांनी तोंड उघडलं, पण पाटी न्यायला आलेली ती मुलगीच पुढे झाली.

"माझी, बाई. मला असंच हवं होतं."

"असंच? उलटं?"

"हो. मस्त झालंय." तिने फळी छातीशी धरली.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुला हवं तसं झालं असेल, तर मी कोण बोलणार?" म्हणत त्या गेल्या.

सरांचे डोळे भरून आले. एवढीशी पोर, पण मन केवढं! "माझ्यासाठी खोटं बोललीस गं."

"नाही हो सर, मी—"

"असू दे. मशीन वाचवलंस. तुझे उपकार मी विसरणार नाही."

तेवढ्यात घंटा झाली आणि ती फळी घेऊन पळाली.

सुट्टीच्या दिवशी सरांनी स्वतःजवळच्या लाकडावर तेच शब्द सरळ कोरले आणि पाटी सांगतानाच तिने दिलेल्या पत्त्यावर निघाले. माफी कशी मागायची याची मनात जुळवाजुळव करत, खाली मान घालूनच ते दुकानात शिरले.

"बाबा, आमचे रंधा सर!" मुलगी ओरडली आणि तिने जीभ चावली.

बाबांनी हात जोडले. "या, या सर. पोरगी सारखं तुमचंच नाव घेते. आधी बसा."

"बसतो, पण ऐका. तुमच्या पोरीने माझी चूक अंगावर घेतली. उलटी पाटी तुम्ही कशी लावणार? ही सरळ आणलीय."

"ती लावली की! मागच्या भिंतीवर."

बाबांनी त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि कात्री उचलली. "आज तुमच्याकडून पैसे घेणार नाही. फक्त हलू नका हं सर, पाटीवर लिहिलंय तसं बसा."

सरांनी समोर पाहिलं. आरशात एकूण एक अक्षर सुलट होतं.